वाचकांचे प्रश्न : पैसे कोणाच्या हाताने गेले?

ऑनलाइन फसवणुकीविषयीचे प्रश्न पाठवावेत, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे ज्याची फसवणूक झाली त्याची नाहीत. ती त्याच्या मुलीची, भावाची, सुनेची आहेत. ज्याचे पैसे गेले तो गप्प आहे. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ या एका वर्षात देशातील नागरिकांनी सायबर फसवणुकीत सुमारे २२,८४५ कोटी रुपये गमावले. त्याच्या आदल्या वर्षी हा आकडा सुमारे ७,४६५ कोटी होता. इतक्या मोठ्या रकमेत शिक्षक आहेत, डॉक्टर आहेत, बँकेतून निवृत्त झालेले माझ्यासारखे लोकही आहेत. त्यामुळे पुढील उत्तरे वाचताना फसलेल्या माणसाला मूर्ख ठरवण्याची घाई कोणी करू नये, एवढी विनंती आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : माझे वडील निवृत्त मुख्याध्यापक असून आईसोबत नाशिकला राहतात. त्यांच्या आधार क्रमांकावरून तैवानला पाठवलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत, असा त्यांना फोन आला. पुढे व्हिडिओ कॉलवर गणवेशातील एक माणूस आला आणि ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, घरात कोणालाही सांगितले तर पत्नीलाही आरोपी करू’ असे म्हणाला. वडील दोन दिवस खोलीचे दार लावून कॉलसमोर बसून होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी बँकेत जाऊन मुदत ठेव मोडली आणि १८ लाख रुपये आरटीजीएसने पाठवले. आज या गोष्टीला अकरा दिवस झाले. ‘माझे विद्यार्थी काय म्हणतील’ म्हणून ते तक्रार करू देत नाहीत. आता तक्रार करण्यात काही अर्थ आहे का? आणि अशी अटक खरोखर असते का? — एक वाचक, पुणे

उत्तर : आधी तक्रार करा, उरलेले उत्तर नंतर वाचा. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर फोन लावा. त्याच दिवशी सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या केंद्रीय गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर लेखी तक्रार नोंदवा, आणि तिची पोचपावती घेऊन वडिलांना नाशिकच्या सायबर पोलीस ठाण्यात स्वतः घेऊन जा. जाताना पासबुकाची नोंद, आरटीजीएसच्या अर्जाची बँकेने दिलेली प्रत, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, ज्या खात्यात पैसे गेले त्या खात्याचा क्रमांक, आलेल्या फोनची यादी आणि त्या लोकांनी पाठवलेली बनावट पत्रे सोबत ठेवा. व्हॉट्सॲपवरील संभाषण संतापाने किंवा लाजेने पुसून टाकू नका, कारण पुरावा तोच आहे.

अकरा दिवस झाले म्हणजे पहिले, सर्वांत मोलाचे तास निघून गेले, हे मी लपवणार नाही. १९३० वर नोंद होताच ती संबंधित बँकेकडे जाते आणि त्या खात्यात तेव्हा जेवढी रक्कम शिल्लक असेल तेवढी रोखून धरली जाते. भामट्यांनाही हे माहीत असल्यामुळे आलेली रक्कम ते काही तासांत अनेक खात्यांत फोडतात, एटीएममधून काढतात किंवा आभासी चलनात बदलून देशाबाहेर नेतात. तरीही उशिरा केलेली तक्रार वाया जात नाही. त्याच खात्याविरुद्ध दुसऱ्या कोणाची तक्रार आधीच आलेली असू शकते आणि त्यामुळे खाते गोठवलेले असू शकते. अशा गोठवलेल्या रकमेवर तुमच्या वडिलांना हक्क सांगायचा असेल, तर त्यांची तक्रार नोंदलेली असावीच लागते. रोखलेली रक्कम परत मिळवण्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो आणि काही ठिकाणी लोक अदालतींमधूनही असे आदेश मिळाले आहेत. या सगळ्याची सुरुवात मात्र पोचपावतीवरच्या एका क्रमांकापासून होते.

आता अटकेविषयी. ‘डिजिटल अटक’ नावाची तरतूद भारतातल्या कोणत्याही कायद्यात नाही. अटक करणारा अधिकारी माणसासमोर प्रत्यक्ष उभा असतो, अटकेचे कारण सांगतो, नातेवाइकाला कळवतो आणि चोवीस तासांच्या आत अटक केलेल्या व्यक्तीला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करतो. तुमच्या वडिलांना घातलेली ‘कोणालाही सांगू नका’ ही अट नेमकी या व्यवस्थेच्या उलट आहे, कारण घरच्यांना कळवणे हे कायद्याने पोलिसांवरच घातलेले बंधन आहे. चौकशीला बोलावण्याची याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची नोटीससुद्धा व्हॉट्सॲपवर बजावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. तपासासाठी नागरिकाचे पैसे ‘पडताळणीकरिता’ मागवून घेणारी कोणतीही यंत्रणा या देशात नाही. सीबीआयची नाही, सक्तवसुली संचालनालयाची नाही आणि रिझर्व्ह बँकेचीही नाही. हा प्रकार इतका बोकाळला की १ डिसेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला.

तुमच्या वडिलांना एक गोष्ट जरूर सांगा. ऑगस्ट २०२४ मध्ये वर्धमान या मोठ्या वस्त्रोद्योग समूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांना याच पद्धतीने ७ कोटी रुपयांना फसवण्यात आले होते. त्यांच्यासमोर तर सर्वोच्च न्यायालयाची बनावट सुनावणी उभी केली गेली आणि सरन्यायाधीशांचेही सोंग घेतले गेले. त्यांनी तक्रार केली, झालेली गोष्ट जाहीरपणे सांगितली आणि ५ कोटी २५ लाख रुपये पोलिसांनी परत मिळवले. आयुष्यभर मोठमोठे व्यवहार केलेल्या माणसाला जे ओळखता आले नाही, ते एका मुख्याध्यापकाला ओळखता आले नाही यात लाज वाटण्यासारखे काय आहे? उलट ज्याने आयुष्यभर नियम पाळले, सरकारी शिक्क्याचा मान ठेवला, तोच माणूस अशा धमकीने अधिक हादरतो. भामटे त्याच्या सज्जनपणाचाच दोर करून त्याला बांधतात. वडील विद्यार्थ्यांना घाबरत असतील, तर त्यांना सांगा की त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांच्या घरीही असे आईवडील आहेत.

बँक काही भरपाई देईल का, असे तुम्ही विचारलेले नाही, पण तो प्रश्न तुमच्या मनात येणारच. वडिलांनी स्वतः शाखेत जाऊन अर्जावर सही केली असल्यामुळे हा व्यवहार बँकेच्या दृष्टीने ग्राहकाने स्वतः केलेला ठरतो, आणि अनधिकृत व्यवहारांसाठी असलेले संरक्षण त्याला सहसा लागू होत नाही. हे लिहिताना मला माझ्या नोकरीतला एक दिवस आठवतो. एका वृद्ध गृहस्थांनी सगळी ठेव मोडून ती अनोळखी खात्यात पाठवायचा अर्ज माझ्यासमोर ठेवला होता. त्यांचा हात कापत होता आणि फोन खिशात चालूच होता. कागदपत्रे बरोबर होती, म्हणून मी काहीही न विचारता तो पुढे पाठवला. ‘काका, सगळे ठीक आहे ना? कोणाचा फोन चालू आहे?’ एवढे दोन प्रश्न मी विचारायला हवे होते. हा अंक वाचणाऱ्या बँक कर्मचाऱ्यांनी ते विचारावेत.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर माझ्या ओळखीच्या एका दुकानदाराच्या क्रमांकावरून ‘आरटीओ चलान’ नावाची फाइल आली. माझ्या गाडीवर दंड असेल असे वाटून मी ती उघडली. नंतर ती फोनमध्ये बसली, पण काहीच दिसले नाही. रात्री खात्यातून तीन वेळा मिळून ९६ हजार रुपये गेले. मी कोणालाही ओटीपी सांगितला नव्हता, तरी ‘ओटीपी टाकून व्यवहार झाला आहे, त्यामुळे चूक तुमचीच’ असे बँक म्हणते. मी दुसऱ्याच दिवशी लेखी तक्रार दिली आहे. — एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचे पत्र आणि आधीचे पत्र यांत एक मोठा फरक आहे, आणि तो सर्व वाचकांनी समजून घ्यावा असे मला वाटते. पैसे गेल्यावर कायद्याचा आणि बँकेचा पहिला प्रश्न असतो : पैसे कोणाच्या हाताने गेले? स्वतः पिन टाकून किंवा सही करून पाठवलेले पैसे वेगळे, आणि तुमच्या नकळत दुसऱ्याने तुमच्या खात्यातून काढलेले पैसे वेगळे. तुमचा प्रकार दुसऱ्या वर्गात बसू शकतो आणि त्यामुळे तुमची बाजू बँक म्हणते तितकी कमकुवत नाही.

ज्या फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ अशी अक्षरे असतात, ती फाइल म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये बसवायचे एक पूर्ण ॲप असते. फोटो किंवा दंडाची पावती कधीच या स्वरूपात येत नाही. असे ॲप बसताना आलेले एसएमएस वाचण्याची परवानगी मागते आणि आपण घाईत ‘अलाऊ’ दाबतो. त्यानंतर येणारा प्रत्येक ओटीपी तुमच्या डोळ्यांसमोर येण्याआधीच भामट्याकडे पोचतो. हेच ॲप तुमच्या व्हॉट्सॲपवरून ती फाइल तुमच्या ओळखीच्या लोकांना पाठवते. दुकानदाराच्या क्रमांकावरून ती तुम्हाला आली ती बहुधा अशीच, त्याच्याही नकळत. लग्नपत्रिका, पीएम किसानची यादी, बँकेचे केवायसी अशा नावांनीही या फाइली फिरतात. वाहनावर खरोखर दंड आहे का, हे पाहायचे असेल तर महाट्रॅफिकईचलान डॉट गव्ह डॉट इन किंवा परिवहन मंत्रालयाच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक स्वतः टाकून पाहावे.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांसाठी एक चौकट घालून दिली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती सहकारी बँकांनाही लागू केली. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तर व्यवस्थेत अन्यत्र आहे, अशा प्रकारात व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने बँकेला कळवले, तर त्याच्यावर काहीही तोशीस पडत नाही. ४ ते ७ कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर साध्या बचत खात्याच्या ग्राहकाला जास्तीत जास्त १० हजार रुपयांचे नुकसान सोसावे लागते. त्यानंतर कळवल्यास बँकेच्या संचालक मंडळाने ठरवलेले धोरण लागू होते. ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पिन सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे. कळवल्यानंतर गेलेला प्रत्येक रुपया मात्र बँकेचा. आणि या सगळ्यात तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचे वाक्य असे आहे की ग्राहक जबाबदार होता हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. ‘ओटीपी टाकला गेला’ म्हणजे ‘तो तुम्ही दिला’ असे आपोआप ठरत नाही.

अर्थात, अनोळखी फाइल बसवणे हाच निष्काळजीपणा आहे असा युक्तिवाद बँक करील आणि तो अगदीच निराधार नाही. निकाल तुमच्याच बाजूने लागेल असे वचन मी देऊ शकत नाही. परंतु ‘चूक तुमचीच’ हे खिडकीवर तोंडी ऐकून परत येऊ नका. ग्राहक संरक्षणाविषयीचे बँकेचे मंजूर धोरण लेखी मागा. व्यवहार कोणत्या उपकरणावरून झाले, त्या रात्री तुमच्या खात्यावर नवे उपकरण जोडले गेले होते का, नवा लाभार्थी किती वाजता जोडला गेला, हे प्रश्न पत्रात लिहा आणि पत्राच्या प्रतीवर शिक्का घ्या. त्याच चौकटीनुसार तक्रार मिळाल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत वादातील रक्कम तात्पुरती खात्यात जमा करणे आणि ९० दिवसांत तक्रार निकाली काढणे अपेक्षित आहे. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. तिची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते. १९३० वरची तक्रार वेगळी आणि बँकेची वेगळी. एक केली म्हणून दुसरी झाली असे समजू नका. कित्येक लोकांचा दावा नेमका येथे अडतो.

फोनचे काय केले, ते तुम्ही लिहिलेले नाही. तो अजून तसाच असेल तर लगेच नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून सर्व पासवर्ड आणि पिन बदला, पोलिसांना फोन दाखवून झाल्यावर तो कारखान्यातून आला होता तशा स्थितीत रीसेट करून घ्या आणि ओळखीच्या सर्वांना ‘माझ्याकडून आलेली फाइल उघडू नका’ असे कळवा.

प्रश्न : शेअर बाजाराचे शिक्षण देणाऱ्या एका व्हॉट्सॲप गटात मी तीन महिन्यांपासून आहे. त्यांनी दिलेल्या ॲपमध्ये मी एकूण ६ लाख रुपये भरले असून ॲपवर आज ३४ लाख दिसत आहेत. सुरुवातीला मी ५ हजार काढून पाहिले, ते खात्यात आलेही होते. आता सगळी रक्कम काढायची आहे, तर आधी १५ टक्के कर भरा असे ते सांगतात. गटातील इतर दोनशे लोकांना पैसे मिळत आहेत. भरू का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : भरू नका. आज एक रुपयासुद्धा भरू नका. ॲपवर दिसणारे ३४ लाख कोठेही नाहीत. तो पडद्यावर लिहिलेला आकडा आहे. गेलेले ६ लाख खरे आहेत आणि त्यांच्यासाठी लगेच १९३० वर तक्रार करा. शेवटचा भरणा अलीकडचा असेल, तर त्यातले काही रोखले जाण्याची शक्यता अजून आहे.

हे कठोर उत्तर मी खात्रीने देतो, त्याची कारणे तुम्हाला पटली पाहिजेत. शेअरच्या नफ्यावरचा कर गुंतवणूकदार स्वतः आयकर खात्याकडे भरतो. पैसे देण्याआधी कोणताही दलाल तो रोखीने किंवा दुसऱ्या खात्यात मागून घेत नाही. तुम्ही विकत घेतलेले शेअर दलालाकडे नव्हे, तर एनएसडीएल किंवा सीडीएसएल या दोन संस्थांकडील तुमच्या डीमॅट खात्यात असतात आणि त्यांचे एकत्रित विवरण तुमच्या पॅनशी जोडलेल्या ईमेलवर येते. त्या विवरणात तुमचे शेअर नसतील, तर ते कधी घेतलेच गेले नव्हते. शिवाय तुम्ही ६ लाख कोणाच्या खात्यात भरले ते पाहा. दर वेळी वेगळ्या माणसाचे किंवा कुठल्या तरी ट्रेडर्सचे खाते असेल, तर आणखी काही तपासण्याची गरजच नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेकडे, नोंदलेल्या मध्यस्थांसाठी ‘व्हॅलिड’ हा शब्द असलेला खास यूपीआय पत्ता सुरू झाला असून पैसे भरण्यापूर्वी ‘सेबी चेक’ या सोयीवरून तो खरा आहे का हे पाहता येते.

पहिले ५ हजार खात्यात आले ते आमिष होते; मासा गळाला लागावा म्हणून लावलेले. आणि ते दोनशे लोक? त्यांच्यातील बहुतेकजण एकाच टोळीने चालवलेले क्रमांक असतात. सकाळी नफ्याचे फोटो टाकणारे, संध्याकाळी ‘सरां’चे आभार मानणारे. तुमच्यासारखे खरे लोक त्यात थोडेच असतात आणि ते एकमेकांना ओळखत नाहीत. या टोळ्यांपैकी अनेक कंबोडिया, म्यानमार, लाओस येथील बंदिस्त आवारांतून चालतात. तेथे संदेश लिहायला बसवलेल्यांपैकी काहीजण नोकरीच्या खोट्या जाहिरातींना भुलून गेलेले भारतीय तरुणच आहेत, हेही या व्यवसायाचे एक भीषण अंग आहे.

तुम्ही गट सोडण्यापूर्वी सदस्यांचे क्रमांक, संदेश आणि ॲपची छायाचित्रे जपून ठेवा. तक्रार केल्यानंतर काही दिवसांनी ‘तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो’ असा वकिलाचा किंवा ‘सायबर तज्ज्ञाचा’ फोन आला, तर तो त्याच लोकांचा दुसरा फेरा आहे असे समजा, कारण फसलेल्या लोकांच्या याद्याही विकल्या जातात.

प्रश्न : ‘मागील बिल अद्ययावत नसल्याने आज रात्री ९.३० वाजता वीजपुरवठा खंडित होईल, अधिकाऱ्याशी संपर्क साधा’ असा संदेश आला. बिल तर मी भरले आहे. — एक वाचक, लातूर

उत्तर : त्या क्रमांकावर फोन करू नका. विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी ग्राहकाला १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. रात्री साडेनऊची मुदत कायद्यात कोठेही नाही. महावितरणचे संदेश दहा आकडी खासगी मोबाइल क्रमांकावरून येत नाहीत. त्यांच्या शीर्षकात ‘एमएसईडीसीएल’ ही अक्षरे असतात. शंका असल्यास १९१२ वर किंवा बिलावर छापलेल्या क्रमांकावर विचारा. गूगलवर शोधून सापडलेल्या ‘ग्राहक सेवा’ क्रमांकावर विसंबू नका, कारण तेथेही भामटे आपले क्रमांक पेरून ठेवतात.

प्रश्न : माझा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वसतिगृहातील एका मित्राच्या सांगण्यावरून त्याने नवीन बँक खाते उघडले आणि ५ हजार रुपयांच्या बदल्यात पासबुक, एटीएम कार्ड आणि त्या खात्याला जोडलेले सिम दुसऱ्याला ‘वापरायला’ दिले. आता खाते गोठले असून दुसऱ्या राज्याच्या पोलिसांची नोटीस आली आहे. मुलगा रडतो आहे. त्याने कोणालाही फसवलेले नाही. — एक आई, अमरावती

उत्तर : ताई, तुमच्या पत्राने मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले. वर नाशिकच्या मुख्याध्यापकांचे १८ लाख ज्या खात्यात गेले, ते खाते बहुधा तुमच्या मुलासारख्याच कोणाचे तरी असेल. फोन करणारा माणूस परदेशात बसलेला असला, तरी त्याला पैसे उतरवून घ्यायला भारतातलीच खाती लागतात आणि ती अशीच भाड्याने घेतली जातात. खाते दिले नसते तर चोरी पुरी झाली नसती, अशी कायद्याची भूमिका आहे; म्हणून ‘मी फसवले नाही’ एवढे सांगून मुलाची सुटका होणार नाही. त्याचा गुन्ह्याशी जाणीवपूर्वक संबंध होता की तोही वापरला गेला, याचा तपास होईल आणि त्यात त्याचे वागणे आतापासून मोजले जाईल.

म्हणून फौजदारी प्रकरणे चालवणाऱ्या वकिलाला उद्याच भेटा आणि नोटिशीला ठरलेल्या मुदतीत उत्तर द्या. नोटीस आधी खरी आहे याची खात्री करून घ्या, आणि ती करताना नोटिशीवर छापलेला क्रमांक न वापरता त्या राज्याच्या पोलिसांच्या अधिकृत संकेतस्थळावरून मिळालेला त्या पोलीस ठाण्याचा क्रमांक वापरा. मुलाने मित्राशी झालेले संभाषण, ५ हजार कसे मिळाले त्याची नोंद, खाते कोणी उघडायला लावले त्याचे नाव, हे सारे जसेच्या तसे सांगावे. संभाषण पुसू नये, खाते बंद करण्याची धडपड करू नये, त्यात उरलेल्या पैशाला हात लावू नये आणि त्या मित्राशी मिळून एखादी गोष्ट रचू नये. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर त्याच्या नावावर आणखी किती सिम आहेत तेही पाहून घ्या. अनोळखी क्रमांक दिसल्यास तेथेच कळवता येते.

तुम्ही त्याच्यावर रागावला असाल. पण त्याने तुमच्यापासून काही लपवू नये, इतका तो राग आवरता घ्या. महाविद्यालयांच्या प्राचार्यांनाही माझी कळकळीची विनंती आहे की प्रवेशाच्या पहिल्याच आठवड्यात मुलांना ‘खाते भाड्याने देणे म्हणजे काय’ हे पोलिसांकडून समजावून सांगावे. रॅगिंगबद्दल सांगतो तितक्याच गांभीर्याने.

प्रश्न : मी दुबईत नोकरी करतो, बहीण पुण्यात असते आणि सत्तरी ओलांडलेली आई रत्नागिरीजवळ गावी एकटीच राहते. तिला फोन चांगला वापरता येतो, म्हणूनच काळजी वाटते. तिला घाबरवून न सोडता काय व्यवस्था करावी? — एक वाचक

उत्तर : ‘घाबरवून न सोडता’ हे तुमचे शब्द मला फार आवडले. भीती घातली की माणूस भामट्यालाही घाबरतो आणि मुलालाही, आणि मग झालेली चूक दोघांपासून लपवतो.

सुरुवात पैशाच्या रचनेपासून करा, कारण फोन कितीही सुरक्षित केला तरी घाबरलेला माणूस बँकेत चालत जाऊ शकतो. आईच्या मोठ्या मुदत ठेवी तिच्या आणि बहिणीच्या संयुक्त नावाने, दोघींच्या सह्यांनी चालतील अशा करून घ्या. ‘दोघांपैकी कोणीही’ असा पर्याय निवडू नका. दोघींच्या सह्या लागणार असतील तर मुदतीपूर्वी ठेव मोडायला बहिणीला विचारावेच लागते, आणि भामट्याची ‘कोणाला सांगू नका’ ही अट तेथेच निकामी होते. ठेवी ज्या खात्याशी जोडलेल्या आहेत, त्या खात्यावर मोबाइल बँकिंग नसावे. रोजच्या खर्चासाठी दुसऱ्या बँकेत लहान खाते उघडून फक्त त्यालाच यूपीआय जोडा, त्याची दैनंदिन मर्यादा दोन-तीन हजारांवर आणा आणि त्यात महिन्याच्या खर्चाएवढेच पैसे राहतील असे पाहा. तिच्या कार्डावरील ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बंद ठेवा. ते स्वतः चालू-बंद करण्याची सोय देणे २०२० पासून बँकांना बंधनकारक आहे. आधारवरील बोटांच्या ठशांची नोंद ‘एम-आधार’वरून कुलूपबंद करता येते, रेशन किंवा पेन्शनच्या कामापुरती ती उघडून घ्यावी लागते, हे मात्र तिला नीट समजावून सांगा.

मग आईशी बोला, पण उपदेश न करता. यूपीआयचा पिन पैसे देताना किंवा शिल्लक पाहताना लागतो, पैसे घेताना कधीही लागत नाही, हे तिला एकदा स्वतः करून पाहू द्या : तुम्ही शंभर रुपये पाठवा, तिने काहीच न दाबता ते आलेले पाहावेत. हल्ली मुलाच्या आवाजाची नक्कल करून ‘आई, मला अपघात झाला आहे’ असे फोन येतात. तुम्ही परदेशात असल्यामुळे तुमच्या घरी हा धोका विशेष आहे. त्यासाठी तुम्हा तिघांतच ठाऊक असलेला एखादा शब्द ठरवा, लहानपणीच्या गाईचे नाव असो किंवा परड्यातल्या एखाद्या आंब्याचे. असा फोन आला की आईने तो शब्द विचारायचा, आणि उत्तर आले नाही तर फोन ठेवून बहिणीला लावायचा. तो शब्द व्हॉट्सॲपवर लिहून पाठवू नका. पुढच्या सुट्टीत गावी जाल, तेव्हा ओटीवर बसून ठरवा.